पाचवे कारण

पुणे-नाशिक रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरांवर, नारायणगावाला खेटून वारूळवाडी वसली आहे. आणि ज्या देवाचे नावच विघ्नहर, ज्याच्या नावाने या तालुक्याने आपला सहकारी साखर कारखानादेखील उभा केला, त्याचे ओझरचे देवस्थान येथून थोड्याच अंतरावर कुकडीच्या काठी आहे. त्यामुळे या भागात रस्त्याच्या कडेला एखादी मोटार अडून राहिली, की एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो, आणि तो मोटारीपेक्षा पुष्कळ मोठा असतो. जे अडले त्याला विघ्न म्हणावे की बिघाड? विघ्न म्हटले तर त्याचा परिहार देवापाशी, बिघाड म्हटला तर त्याची दुरुस्ती मिस्त्रीपाशी. परंतु ज्याची देवावरही श्रद्धा आहे आणि कारणावाचून कार्य घडत नाही या नियमावरही ज्याचा तितकाच विश्वास आहे, त्याने प्रथम कोणाकडे तोंड वळवावे? दैव आणि पुरुषकार यांचा जो वाद आपल्या शास्त्रकारांनी शतकानुशतके चालविला, तो येथे पाना-पकडीच्या अंतरावर येऊन ठेपतो आणि दिवस मावळण्यापूर्वी निकाल मागतो. म्हणूनच हा विषय मला धर्मविचाराच्या कक्षेतला वाटतो.

या रस्त्यावरून टोमॅटोचे क्रेट रचलेल्या पिकअप गाड्या जातात, द्राक्षांचे ट्रक जातात, लग्नाची वऱ्हाडे जातात, आणि रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन मंचरकडे किंवा पुण्याकडे धावणाऱ्या मोटारीही जातात. बहुतेक गाड्यांच्या काचेमागे गणपतीची लहानशी मूर्ती असते, पुढे लिंबू-मिरची लोंबत असते, आणि दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घातल्यावाचून मालकाला चैन पडत नाही. खंडेनवमीस मिस्त्रीसुद्धा आपले पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि जॅक पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहतो. या आचारांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या हत्याराने पोट भरते त्याला वर्षातून एकदा हात जोडणे, यात कृतज्ञतेखेरीज दुसरे काही नाही, आणि कृतज्ञता हा धर्माचा पाया आहे. प्रश्न निर्माण होतो तो दसऱ्याच्या दिवशी नव्हे. गाडी बंद पडते त्या दिवशी.

अशी एखादी मोटार डोळ्यांपुढे आणावी. ती जुन्या घडणीची, कार्बोरेटरची, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी असावी. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे तिचे इंजिन. खेडचा घाट चढून, मंचर आणि कळंब मागे टाकून ती येथवर आली. वाटेत तिची एकच तक्रार होती: वेगात असताना सुरळीत चाले, पण थांबा घेतला की स्लोला थरथरे, मिसिंग मारी, आणि पाय काढला की गुदमरे. चहाला म्हणून थांबले, आणि पुन्हा सेल्फ मारला तर चालूच होईना. आता भोवती जमलेल्या मंडळींकडून दोनच निवाडे ऐकू येतात. एक म्हणतो, आजची वेळच वाईट. निघताना नारळ फोडला होता काय? दुसरा म्हणतो, प्लग बदला, कॉइल बदला, जमल्यास बॅटरीही बदलून टाका. पहिल्याला आपण दैववादी म्हणतो आणि दुसऱ्याला व्यवहारी. एकाच्या वाट्याला हसू येते, दुसऱ्याच्या वाट्याला मान. परंतु बारकाईने पाहिले तर दोघांची वृत्ती एकच आहे. दोघांनाही तपास नको आहे. एकाने कारण आकाशात नेऊन ठेवले, दुसऱ्याने ते दुकानाच्या फडताळात शोधले, आणि जे इंजिन समोर उघडे पडले आहे त्याला काही विचारण्याची तसदी दोघांपैकी कोणीच घेतली नाही. गाडी न पाहता सुटा भाग बदलणे हाही एक प्रकारचा नवस आहे. त्यात नारळाऐवजी नोटा फुटतात, एवढेच अंतर.

आपल्या न्यायशास्त्राने या वृत्तीवर फार पूर्वी उपाय सांगून ठेवला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांच्या ज्ञानाने निःश्रेयस लाभते म्हणून सांगितले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यामागोमाग तिसरे स्थान संशयाला दिलेले आहे, आणि निर्णय येतो तो नववा. मोक्षाच्या वाटेवर संशयाला असा मानाचा पाट मांडणारे शास्त्र आपले आहे, हे आपण विसरलो. संशय म्हणजे अश्रद्धा नव्हे. एकाच वस्तूच्या ठिकाणी परस्परविरुद्ध अशा दोन शक्यता समोर दिसत असता त्यांपैकी एकीवर घाईने न बसण्याचा तो संयम आहे. दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव, तर्क अशा पायऱ्या चढल्याखेरीज निर्णयाला पोचता येत नाही, आणि जो पायऱ्या गाळतो त्याच्या हाती निर्णय न येता हट्ट येतो.

आता लक्षणाकडे वळू. इंजिन पेटण्यास तीन गोष्टी लागतात: हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातले मिश्रण, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी, आणि त्या मिश्रणाला पुरेसा दाब. गाडी वेगात असते तेव्हा या तिन्हींची आवक मुबलक असते आणि लहानसहान उणीव त्या लोंढ्यात वाहून जाते. स्लोला मात्र कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, इंजिन अगदी थोड्या हवेवर आणि एका सूक्ष्म छिद्राच्या जेटमधून येणाऱ्या थेंबभर पेट्रोलवर जगत असते. अशा वेळी मॅनिफोल्डच्या गॅस्केटला केसाएवढी फट असली आणि तीतून आगंतुक हवा आत शिरली, तरी सगळे प्रमाण बिघडते. तीच फट वेगात असताना जाणवतसुद्धा नाही. जप करावयास बसलेल्या साधकाचाही अनुभव असाच असतो. दिवसभराच्या धावपळीत ज्या विकारांचा पत्ता लागत नाही, ते माळ हाती घेऊन स्वस्थ बसताच एकेक करून वर येतात, आणि त्याला वाटते की जपामुळेच मन बिघडले. जपाने मन बिघडत नाही आणि स्लोने इंजिन बिघडत नाही; दोष आधीचाच असतो, विश्रांतीने तो उघड केला एवढेच. म्हणून स्लोला रेस वाढवून थरथर लपविणे ही दुरुस्ती होऊ शकत नाही, जरी पुष्कळ ठिकाणी तिचे पैसे घेतले जातात.

पुढचा प्रश्न असा, की स्लोला गुदमरणे आणि चालू न होणे हे दोन दोष आहेत की एकाच दोषाची दोन रूपे? नैयायिकांचा येथे एक सुंदर दंडक आहे: जेथे एका कल्पनेने भागते तेथे दोन करू नयेत. अल्प कल्पनेत लाघव आणि अधिक कल्पनेत गौरव. आणि शास्त्रात गौरव हा दोष समजला जातो. म्हणून शहाणा मिस्त्री प्रथम असे कारण शोधतो, की जे दोन्ही लक्षणे एकट्याने सांभाळील. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळून खड्डे पडलेले असले, किंवा कंडेन्सर गेला असला, तर ठिणगी क्षीण होते. क्षीण ठिणगीने स्लोला मिसिंग होते आणि सेल्फच्या वेळी, बॅटरीचा बहुतेक करंट सेल्फच ओढून घेत असताना, ती पुरतीच हरपते. कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई कचऱ्याने अडकली तर पेट्रोल ओव्हर होते. मग स्लोला धूर, आणि गरम इंजिन चालू करू जाता प्लग ओले. अशी एकेक कल्पना दोन्ही लक्षणांना लावून पाहावयाची. परंतु लाघव हा विचाराचा आरंभ करून देणारा नियम आहे, सत्याचा दाखला नव्हे. जुन्या गाडीत दोन-तीन बिघाड एकत्र नांदू शकतात, आणि एक सापडला म्हणून तपास बंद करणाराची फजिती चार मैलांवर ठरलेली असते.

तपासाची सुरुवात कैफियत ऐकण्याने होते. गाडी थंड असताना त्रास देते की गरम? पावसात की उन्हात? पेट्रोल नुकतेच भरले काय? याआधी तिला कोणाचा हात लागला होता? मग कान: सेल्फ मारला असता इंजिन फिरते की नुसतीच टकटक होते? रेंगाळत फिरत असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी यांची जबानी आधी घ्यावी. झपाट्याने फिरूनही पेट घेत नसेल तर ठिणगीकडे वळावे. आणि येथे एक फसगत आहे, जिच्यात भलेभले सापडतात. प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरतात, सेल्फ मारतात, आणि म्हणतात, करंटच येत नाही, कॉइल गेली. पण समय भर दुपारचा, रस्ता उघडा, आणि निळसर ठिणगी त्या उन्हात दिसणारच नाही! एखादी वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येत नाही. ती असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल तेव्हाच न दिसणे हे नसण्याचे प्रमाण ठरते. याला योग्यानुपलब्धी म्हणतात, आणि भूतलावर घट नाही हे कसे कळते या चर्चेसाठी आपल्या पंडितांनी ती कल्पना पारखून घेतली. बॉनेटवर धोतराचा सोगा किंवा पोते धरून सावली करणारा मिस्त्री तीच अट न बोलता पुरी करीत असतो. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असे म्हणणारांनाही आपल्या आस्तिक नैयायिकांनी हीच अट घातली होती, आणि ती न्यायाची होती; परंतु तीच अट आस्तिकांवरही लागू आहे. इंजिनातील दोष मला दिसला नाही म्हणून तो नाहीच, अर्थात ही करणी दैवाची, असे म्हणण्याचा अधिकार, जेथे दोष दिसू शकला असता तेथे पाहिल्याखेरीज, कोणालाच मिळत नाही.

इंजिन कसेबसे चालू झाले, तर दुसरी परीक्षा होते, आणि ती पाहताना मला नेहमी आनंद होतो. मिस्त्री चारही प्लगच्या वायरी पाळीपाळीने काढून पाहतो. एक वायर काढली की इंजिनाची चाल मंदावली पाहिजे; जी काढल्याने काहीच फरक पडत नाही, त्या सिलिंडरचे काम आधीपासूनच बंद होते. ज्याच्या असण्याने कार्य आहे आणि नसण्याने नाही ते कारण, हा अन्वय आणि व्यतिरेक. आणि ज्याच्या नसण्यानेही कार्याला धक्का लागत नाही ते कारण नव्हेच. विश्वनाथ पंचाननाने भाषापरिच्छेदात घटाच्या बाबतीत अशा निरुपयोगी साथीदारांची यादी दिली आहे. तीत कुंभाराचा बाप आहे आणि माती वाहणारे गाढवही आहे. घट होण्यापूर्वी गाढव तेथे होते हे खरे. पण गाढवावाचूनही माती आणता आली असती. निघताना मांजर आडवे गेले, समोर रिकामी घागर भेटली, कोणी शिंकले, ही सगळी त्या गाढवाच्या पंक्तीतली मंडळी आहेत. मात्र एवढ्यावर समाधान मानून ‘आधी घडलेले सर्व निरर्थक’ असाही निष्कर्ष काढू नये. मघाशी पेट्रोल भरले आणि मग गाडी बिघडली, हेही आधी घडलेलेच. पण टाकीत पाणी उतरले असेल तर तेच खरे कारण असू शकते. मांजर आणि पेट्रोल यांतले अंतर मिस्त्री परीक्षा करून ठरवितो. श्रद्धा किंवा अश्रद्धा यांच्या जोरावर ते ठरत नाही.

वैद्यकाकडे वळले तर याहून जवळचे साधन हाती येते. आयुर्वेदात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतले चौथे मोठे मोलाचे. लक्षणे गूढ असतील तेव्हा एखादा उपचार करून पाहावा, आणि त्याने बरे वाटते की वाईट यावरून रोग ओळखावा, तो उपशय. गाडी स्लोला थरथरत असता चोक किंचित ओढला आणि ती सावरली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते हे ठरले. मग एक तर स्लोचा जेट कचऱ्याने बुजला आहे, नाही तर कोठून तरी हवा शिरते आहे. चोक ओढल्याने ती अधिकच गुदमरली, तर उलट बाजूस शोध करावा. उन्हाळ्यात घाट चढून आलेली गाडी थांबताच पेट्रोल-पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढीत बसतो. त्यावर ओले फडके ठेवून काही वेळ थांबले आणि गाडी चालू झाली, तर त्या फडक्याने दुरुस्ती आणि निदान ही दोन्ही कामे केली. आमच्या कल्पनेतल्या त्या मोटारीचे, निदान चालू न होण्यापुरते, कारण बहुधा हेच निघेल. थरथरीचा जाब मात्र गॅस्केटला किंवा जेटला वेगळा विचारावा लागेल, आणि लाघवाचा मोह तेवढ्यापुरता सोडावा लागेल.

आयुर्वेदाचे नाव निघालेच आहे, तर चरकाच्या ग्रंथातले एक स्थळ येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण या लेखाचा सगळा प्रश्नच तेथे मांडलेला आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरूंना विचारतो, की मनुष्याचे आयुष्य नियत आहे की अनियत? आत्रेय सांगतात, की ते दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून आहे. मागल्या देहात केलेले कर्म ते दैव, आणि या देहात करीत आहोत ते पुरुषकार. दोहोंत जे बलवान ते दुर्बळावर मात करते. सर्व आयुष्य नियतच असते तर औषधे, मंत्र, पथ्ये, सारे व्यर्थ झाले असते. आणि मग काल आणि अकाल मृत्यू समजावून सांगताना त्यांनी दृष्टान्त घेतला तो वाहनाच्या आसाचा! चांगल्या गुणांचा आस, रीतीने चालविलेल्या गाडीत, आपल्या शक्तीप्रमाणे झिजून योग्य काळीच संपतो. तोच आस अतिभाराने, खाचखळग्यांच्या रस्त्याने, चाक मोडल्याने, हाकणाराच्या किंवा ओढणाराच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो. माणसाच्या मरणासारख्या गहन विषयावर बोलताना आपल्या ऋषीने गाडीच्या वंगणाचा विचार केला, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. ज्याने आसाला वंगण घातले नाही त्याने आस मोडल्यावर दैवाला बोल लावू नये, हे त्यातून निघते. आणि तितकेच हेही निघते, की उत्तम वंगण घातलेला आसही केव्हा तरी झिजून संपणारच.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. हा क्रम मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो. दैव वगळलेले नाही. ते मोजले आहे, पण चौघांच्या नंतर. जागा कशी होती, करणारा कोण होता, त्याची हत्यारे कोणती, त्याने हालचाल काय केली, एवढ्या चौघांचा झाडा घेतल्यानंतर जे शिल्लक राहील, त्याच्यावर दैवाचा हक्क. लोकमान्य टिळकांनी १९१० आणि १९११ या सालांत मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक संपूर्ण प्रकरण खर्च केले, ते याच गाठीसाठी. कर्माचा कायदा अढळ असूनही मनुष्याला प्रयत्नाची मोकळीक कशी उरते, हे त्यांना सांगावयाचे होते. आपण सामान्य माणसे मात्र पाचव्याला पहिला करतो, आणि चौघांना साक्षीलाही बोलावीत नाही.

मग ओझरच्या नारळाचे काय? या प्रश्नावर आपल्या नव्यन्यायाने जो निकाल दिला, त्याच्याइतका समतोल निकाल माझ्या वाचनात दुसरा नाही. ग्रंथारंभी मंगल करावे हा शिष्टाचार. त्याने ग्रंथ तडीस जातो असे म्हणावे, तर मंगलश्लोकांनी आरंभ झालेली कादंबरी बाणभट्टाच्या हातून अपुरीच राहिली आणि तिचा उत्तरभाग त्याच्या पुत्राने लिहिला. उलट मंगलाचे नावही न घेता नास्तिकांचे ग्रंथ पुरे झालेले दिसतात. प्राचीनांनी यावर विघ्ने फार होती, किंवा मंगल पूर्वजन्मी केले होते, अशी समाधाने दिली. नव्यांनी अधिक प्रामाणिक मार्ग पत्करला. ते म्हणाले, मंगलाचे फळ विघ्नाचा नाश एवढेच. ग्रंथाची समाप्ती ही बुद्धी, प्रतिभा आणि इतर कारणसामग्री यांनी होते. म्हणजे नारळ फोडणे व्यर्थ नाही, पण नारळाने जेट साफ होत नाही. माझे स्वतःचे मत असे, की प्रार्थनेने जे विघ्न दूर होते ते मुख्यतः निदान करणाराच्या ठिकाणचे असते: त्याचा राग, त्याची घाई, मघाशी बोललो तेच खरे ठरावे हा त्याचा अहंकार, आणि गिऱ्हाइकाच्या अडचणीचा फायदा घेण्याचा मोह. एवढी चार विघ्ने टळली तर इंजिनापर्यंत पोचण्याची वाट मोकळी होते. ओझरची कथाही हेच सुचविते. विघ्नासुर देवाला शरण आला, तेव्हा गणेशाने त्याला मारून टाकले नाही. त्याला मर्यादा घालून दिली आणि त्याच्या विनंतीवरून त्याचे नाव आपल्या नावाआधी घेतले, म्हणून तो देव विघ्नेश्वर. ज्या अडथळ्याचा स्वभाव कळला, तो अडथळा देवाच्या नावातला अर्धा भाग होऊन बसला.

याच रस्त्याने पुढे गेले की आळ्याला, ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदविले असे सांगतात, त्या रेड्याची समाधी आहे. तेथे माथा टेकताना कोणाच्याही मनात असे येऊ शकते, की जेथे रेडा वेद बोलला तेथे एखादी मोटार प्रार्थनेने का चालू होऊ नये? मला वाटते असा विचार त्या कथेला लहान करतो. ती कथा पशूतही तेच चैतन्य नांदते, हे मदांध विद्वानांना दाखविण्यासाठी आहे. कोणाचे कष्ट वाचविण्यासाठी नाही.

नारायणगावच्या पूर्वेस खोडद आणि त्याच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ३० अवाढव्य तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोलशास्त्र केंद्राने ही दुर्बीण उभारली, आणि मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट येथे कमी आहे हे स्थान निवडण्याचे एक मोठे कारण होते. आता प्लगची ठिणगी ही स्वतःच रेडिओलहरींचा उगम आहे. आरंभीची बिनतारी यंत्रे ठिणगीवरच चालत. म्हणून अतिदूरच्या ताऱ्याची कुजबुज ऐकू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाला एखादा विचित्र संदेश मिळाला, तर तो प्रथम आपल्या केबलवर संशय घेतो, मग आपल्या यंत्रावर, मग आसपासच्या वाहनांवर, तारांवर, कारखान्यांवर. आणि हे सर्व धुऊन निघाल्यानंतरच तो म्हणतो, की हे आकाशातून आले. जे आकाशावर खरे प्रेम करतात ते आकाशाचे नाव सर्वांत शेवटी घेतात. दैवाचे नाव घेण्याचा अधिकारही याच रीतीने कमवावा लागतो, असे मला वाटते.

नव्या मोटारींत कार्बोरेटर राहिला नाही, पॉइंट राहिले नाहीत; संगणक सगळे पाहतो आणि मिस्त्री स्कॅनर लावून त्याचे म्हणणे वाचतो. पुष्कळांना वाटते की आता निदानाचा प्रश्न मिटला. वस्तुतः प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला शब्दप्रमाण आले, इतकेच झाले. आणि शब्द प्रमाण होण्यासाठी बोलणारा आप्त असावा लागतो, म्हणजे यथार्थ जाणणारा आणि यथार्थ सांगणारा. संगणक खोटे बोलत नाही, परंतु त्याचे जाणणे त्याच्या सेन्सरांपुरते असते. मिश्रणात पेट्रोल कमी आहे, असे ऑक्सिजन सेन्सरने कळविले आणि मालकाने तो सेन्सरच बदलून घेतला, तर साक्षीदाराला शिक्षा झाली आणि आरोपी सुटला. हवा पूर्वीसारखीच फाटक्या नळीतून आत शिरत राहील. हा अन्याय आजच्या गॅरेजांत रोज घडतो.

आणि याला मिस्त्रीइतकेच आपणही जबाबदार आहोत. प्लग बदलला की आपण प्लगचे पैसे बिनतक्रार देतो. पण एखाद्याने तासभर कान देऊन, वायरी काढून-लावून, शेवटी एक सैल झालेला टर्मिनल घट्ट केला आणि काही न बदलता गाडी चालू करून दिली, तर त्याला मजुरी देताना आपला हात आखडतो, ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ म्हणून आपण घासाघीस करतो. त्याने विचार केला, हे आपल्या हिशेबात धरलेलेच नसते. ज्या समाजात विचाराला मोल नाही आणि सुट्या भागाला आहे, तेथे मिस्त्री विचार सोडून भाग विकू लागला तर दोष कोणाचा? तरी वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे, की पुढल्या खेपेस वारूळवाडीच्या किंवा कोठल्याही फाट्यावर आपली गाडी अडली, तर सेल्फ मारमारून बॅटरी संपवू नये, मिस्त्रीला काय काय घडले ते क्रमाने आणि खरे सांगावे, त्याला पाहू द्यावे, आणि त्याने काहीही न बदलता दोष काढला तर निदानाची मजुरी वेगळी आणि पुरती द्यावी.